पाडल्यास बरे होईल

१८ नोव्हेंबर १९६३, सल्त

मामांनी बाजारातून दोन वह्या आणल्या. एक कामाची. कोण आले, किती दगड उतरले, किती सिमेंट लागले, ते तीत लिहायचे. दुसरी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "ही तुझी. अक्षर घोटत बस." मी सातवीत शाळा सोडली, तरी माझे अक्षर चांगले आहे आणि लिहिताना चुका होत नाहीत. शंका आली की मास्तरांनी दिलेले पत्रलेखनाचे पुस्तक उघडतो.

आजच लिहिण्यासारखे घडले. एक गवंडी म्हणाला, दगड कच्चा आहे. मामांनी तोच दगड उचलून त्याच्या तोंडावर मारला. "आता सांग, कच्चा आहे का?" त्याचे दोन दात चिखलात पडले आणि तो ते शोधू लागला. सगळे हसले. मीही हसलो.

कामाच्या वहीत 'एक गवंडी दुपारनंतर गैरहजर' असे लिहिले. इथे खरे लिहीत जाईन.

२५ नोव्हेंबर

मामांच्या गिरणीचे जोते झाले. आता मागची भिंत. टेकडी उभी कापून गिरणीसाठी सपाटी केली आहे. भराव अडवायला कडेला तीन पुरुष उंच भिंत लागणार. भिंतीच्या पायथ्याशी गल्ली आहे आणि गल्लीत मुतलककाकांचे घर.

नकाशा प्रेस्टनसाहेबांचा. ते यंत्रांबरोबर विलायतेहून आले आहेत. भिंतीतून पाणी निघून जावे म्हणून त्यांनी साठ नळ दाखवले आहेत. आज साठ नळ आले. मी दोनदा मोजले. चौदा भिंतीसाठी ठेवले. शेहेचाळीस खेचरांवर लादून मामांच्या डाळिंबाच्या बागेत गेले.

मामा म्हणाले, "वहीत साठ लिही."

"पण मामा, चौदाच ठेवले."

"मास्तर, तुला मोजायला ठेवलंय की लिहायला?" मला चिडवायला ते मास्तर म्हणतात.

साठ लिहिले. बाकीचे पुढच्या टप्प्यात बसवणार असतील. मामांना बांधकाम माझ्यापेक्षा जास्त कळते.

३ डिसेंबर

जेवताना वाद झाला. आमचा मिसरी मुकादम उस्ता बदवी प्रेस्टनसाहेबांना म्हणाला, "साहेब, तुमच्या देशात भिंत पडली तर मान कुणाची?"

साहेबांना आमची भाषा बरी येते. म्हणाले, "करार बघायचा. मी नकाशा दिला, तुम्ही सही केली. नकाशाप्रमाणे बांधलं नाही तर मी काय करणार? वर्षभर देखभाल, मग दाखला, मग सलाम. कागदावर नाही ते माझ्यावर नाही."

"आमच्याकडे असं नाही," बदवी म्हणाला. "फ्रेंचांनी एक कायदा ठेवलाय. दहा वर्षं. नवव्या वर्षी जरी पडली तरी नकाशावाला आणि बांधणारा, दोघांच्या माना एकाच दोरीत. त्यामुळे दोघंही रात्री उठून भिंत बघून येतात."

मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "इथे कायद्याचं जुनं पुस्तक चालतं. भिंत पडली तर अल्लाची मर्जी. कलली असेल आणि शेजाऱ्यानं साक्षीदारांसमोर 'पाड' म्हटलं असेल, आणि तरी मी पाडली नसेल, तर माझा दोष. तोवर नाही. आणि मला 'पाड' म्हणायची छाती आहे कुणाची?"

बदवी हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नळ म्हणजे भिंतीचं नाक असतं, पोरा. पाऊस येऊ दे."

११ डिसेंबर

खेचरवाल्यांनी गल्लीत दगड ओतले आणि मुतलककाकांच्या दाराचा रस्ता बंद झाला. काकांचा मुलगा शबीब खंजीर घेऊन धावून आला. एका खेचरवाल्याने त्याला पहारीने मारले. शबीबचा डावा कान अर्धा लोंबत होता. त्याने तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने खेचराच्या पोटात खंजीर खुपसला. खेचर फार वेळ ओरडत होते. शेवटी बदवीने त्याचा गळा कापला.

मी वर भिंतीवर बसून दगड मोजत होतो. खाली उतरलो नाही. हे लिहायला लाज वाटते.

काकांची भट्टी भिंतीच्या पायथ्यालाच आहे. एवढे झाल्यावरही त्यांची मुलगी नश्मिया भाकऱ्या भाजत होती. मी वरून विचारले, "तुझ्या भावाचा कान कसा आहे?" ती म्हणाली, "आहे तिथेच आहे. तुझी जीभ कुठे होती?" मग एक भाकरी वर फेकली. ती रोज फेकते. मजूर सगळे उपाशीच असतात, म्हणून फेकत असेल.

२९ डिसेंबर

चार दिवस पाऊस. भिंत पूर्ण झाली तेव्हा मी माथ्यावरून ओळंबा सोडला होता. तो पायथ्यापाशी भिंतीला लागत होता. आज सोडला तर खाली चार बोटे अंतर राहिले. दोनदा सोडला. मामांना सांगितले. ते म्हणाले, "तुझा हात थरथरतो, भिंत नाही."

माझा हात खरेच थरथरतो. पण ओळंबा स्थिर होईपर्यंत मी थांबलो होतो.

७ जानेवारी १९६४

सहा बोटे.

संध्याकाळी मुतलककाका आमच्या घरी आले. बरोबर दोन म्हातारे होते. तिघांनाही लिहिता-वाचता येत नाही. आईने कॉफी केली, पण काकांनी पेल्याला हात लावला नाही. म्हणाले, "आधी माझं काम ऐक, मग पितो. तुझ्या मामाला पत्र लिही. हे दोघे साक्षीदार. लिही, भिंत पाड."

"एवढंच?"

"एवढंच. आणखी काय लागतं?"

माझ्या हातून लेखणी हलेना. मामांना 'पाड' असे कसे लिहावे? त्यांनी मला काम दिले, बाबा गेल्यावर आईला धान्य दिले. मास्तरांच्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे की वडीलधाऱ्यांना लिहिताना आज्ञार्थ वापरू नये. म्हणून मी असे लिहिले. इथे उतरवून ठेवतो, कारण वाक्य चांगले जमले आहे:

'आदरणीय मामा यांस, सलाम. शेजारी मुतलक यांच्या विनंतीवरून कळवण्यास संकोच होतो की, त्यांच्या घराकडे कललेली भिंत आपण पाडल्यास बरे होईल. आपला आज्ञाधारक.'

काका म्हणाले, "वाच."

मी वाचले, "भिंत पाड."

"बस. बरोबर," म्हणून त्यांनी अंगठा उठवला आणि कॉफी प्यायले. दोघा म्हाताऱ्यांनीही अंगठे उठवले. मी खोटे बोललो नाही असे मला वाटते. अर्थ तोच होतो.

८ जानेवारी

मामांना पत्र दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. "वा मास्तर! शाळेत घातल्याचं सार्थक झालं." पत्र कामावरच्या छपरीतल्या खिळ्याला लावून ठेवले.

मला बरे वाटले. भिंतीचे त्यांनी काही केले नाही.

१७ जानेवारी

रमजानचा दुसरा दिवस. बर्फ पडले आणि वितळले. नऊ बोटे. चौदा नळांतून तांबडे पाणी जोरात उडते आहे. बाकी भिंत दगडांच्या सांध्यांतून पाझरते. बदवीने काम सोडले. जाताना मामांना म्हणाला, "माझ्या देशात असतो तर तुम्हाला बांधून ठेवलं असतं." मामांनी त्याच्यामागे कुत्रा सोडला. कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला.

२४ जानेवारी

आज लिहू शकत नाही.

२५ जानेवारी

लिहितो.

काल रोजा सुटायच्या आधी, साधारण अर्धा तास. मी छपरीत होतो. आवाज नीट आठवत नाही. जमीन पायाखालून सरकली आणि भिंतीचा मधला भाग गल्लीत गेला. मागचा सगळा भराव त्याच्यावर.

भट्टीवर नश्मिया होती. रोजा सुटायचा म्हणून भाकऱ्या रोजच्यापेक्षा जास्त होत्या.

मी या वेळी उतरलो. हातांनी उकरले. नखे गेली. शबीब माझ्या शेजारी उकरत होता आणि प्रत्येक दगडाला शिव्या देत होता. आधी तिचा पाय सापडला. ओढला तर एकटाच आला असता, म्हणून शबीबने माझा हात झटकला आणि आम्ही सावकाश उकरले. भट्टी फुटून निखारे तिच्याबरोबरच गाडले गेले होते. ती आधी दबली की आधी भाजली हे काकांनी विचारले. मी म्हटले, आधी दबली. मला माहीत नाही.

तिच्या हातात पिठाचा गोळा होता. मुठीचे ठसे त्यात उमटले होते.

बांग झाली. कोणीही पाणी प्यायले नाही.

२८ जानेवारी

रिवाजाप्रमाणे रक्त उकळण्याचे तीन दिवस आणि वर दिवसाचा एक तृतीयांश. त्या काळात मयताचे नातेवाईक काय करतील त्याला विचारणारा कोणी नसतो. मामा आणि त्यांचे भाऊबंद पहिल्याच रात्री गाव सोडून गेले. मी बहिणीचा मुलगा. माझे रक्त बाबांकडचे, म्हणून मला जावे लागले नाही. आईने दाराला पेट्या लावल्या.

शबीब आणि त्याच्या चुलत्यांनी गिरणीची यंत्रे घणाने फोडली. प्रेस्टनसाहेब मधे गेले, करार दाखवू लागले; त्यांना तोच कागद खायला लावला. मामांचे घर जाळले. डाळिंबाची झाडे कापली. कुत्र्याला फासावर लटकावले. छपरीही जाळली, कामाची वही आणि खिळ्यावरचे पत्र दोन्ही तिच्यात गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजारात धरले. शबीबने माझे तोंड गुडघ्यावर आपटले. नाक मोडले. मग मुतलककाका आले आणि म्हणाले, "सोडा त्याला. तो आपला साक्षीदार आहे. त्यानंच पत्र लिहिलं."

शबीबने मला उठवले आणि स्वतःच्या रुमालाने माझे तोंड पुसले. म्हणाला, "चुकलं, भावा."

६ फेब्रुवारी

मध्यस्थांनी मोहलत मिळवली. प्रकरण काझींकडे गेले. रक्ताची भरपाई द्यायची की नाही हे ते जुन्या पुस्तकाप्रमाणे ठरवतील. शबीब म्हणतो, भरपाई मिळाली नाही तर मामांची मान तो स्वतः घेईल.

आज मशिदीबाहेर एका वकिलाला गाठले. खात्री करून घ्यायची होती. विचारले, साक्षीदारांसमोर 'पाडल्यास बरे होईल' असे म्हटले तर चालते का?

तो म्हणाला, "नाही. तो सल्ला झाला. मागणी झाली पाहिजे. 'पाड' म्हटलं तर मालक जबाबदार. 'पाडावी' म्हटलं तर त्यानं ऐकलं काय, नाही ऐकलं काय. पुस्तकात तसंच आहे. का रे?"

"सहज," म्हणालो.

पत्र वाचून मामांनी पाठीवर थाप का मारली ते कळले.

१५ फेब्रुवारी

ईद. कोणी आले नाही.

८ मार्च

उद्या साक्ष. मामांचा मुलगा सत्ताम मागच्या दाराने आला. म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, खरं तेच सांग." आयुष्यात प्रथमच मामांनी मला खरे बोलायला सांगितले.

तो गेल्यावर शबीब आला. दारातच बसला. "दोघं म्हातारे सांगणार आहेत 'पाड'. तूही 'पाड' म्हण. मग कुणाचं रक्त सांडायला नको. खोटं थोडंच आहे? बापानं तेच सांगितलं, तू तेच वाचलंस."

'पाड' म्हणालो तर भरपाई मिळेल आणि शबीबचा हात थांबेल, पण कुराणावर हात ठेवून खोटे बोललो असे होईल. खरे बोललो तर नश्मियाचे काहीच होणार नाही, मामा सुटतील आणि शबीब त्यांना मारेल. मग त्याला फाशी होईल. दोन मढी आणि एक शब्द. रात्रभर मास्तरांचे पुस्तक घेऊन बसलो. आज्ञार्थाचे पान फाडून टाकले.

९ मार्च

(हे दुसऱ्या कागदावर लिहीत आहे. वही कचेरीत आहे.)

काझी म्हातारे आहेत, एका डोळ्याने बघतात. दोघा म्हाताऱ्यांची साक्ष आधी झाली. मग मी कुराणावर हात ठेवला.

"मुतलकनं तुला काय लिहायला सांगितलं?"

"भिंत पाड."

"तू काय लिहिलंस?"

मी शबीबकडे बघितले नाही. मामांकडे बघितले, ते मान हलवून मला धीर देत होते.

"भिंत पाडल्यास बरे होईल."

काझींनी लेखणी खाली ठेवली. "आणि मालकाच्या हाती पडलं ते लिहिलेलंच."

"हो."

"म्हणजे सल्ला."

मागे शबीब ओरडला. त्याने बाक उचलून भिंतीवर फेकला. शिपायांनी त्याला बंदुकीच्या दस्त्याने पाडले. त्याचा तोच अर्धा कान पुन्हा फाटला. मुतलककाका उठले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत म्हणाले, "तू वाचून दाखवलंस ना, पोरा."

काझी म्हणाले, "कागद तर जळाला. दोन माणसं म्हणतात 'पाड', तू म्हणतोस दुसरं. तुला शब्द न् शब्द आठवतो हे मी का मानावं? मामाला वाचवायला रचलं नसशील कशावरून?"

याचा मला राग आला. शब्दाच्या बाबतीत मी कधी चुकत नाही. मी म्हटले, "माझ्या वहीत त्याच दिवशी उतरवलंय. काना-मात्रेसकट."

शिपाई घरी जाऊन वही घेऊन आला. काझींनी सात जानेवारी वाचली आणि मान हलवली. मामांनी सुस्कारा सोडला. वही आता मिटतील असे वाटले. पण त्यांनी बोट ओले करून पाने मागे उलटली. फार वेळ वाचत होते.

"हे साठ आणि चौदा काय आहे?"

"निचऱ्याचे नळ, साहेब."

"दोनदा मोजलेस?"

"हो."

"बाकीचे शेहेचाळीस कुठे गेले?"

मी मामांकडे बघितले. ते मान हलवीत नव्हते.

"डाळिंबाच्या बागेत," मी म्हटले.

काझींनी कचेरीतल्या दोघांना बागेत पाठवले. झाडे कापलेली होती, पण नळ जमिनीत तसेच होते. मोजले. शेहेचाळीस.

मग ते म्हणाले, "चांगली बांधलेली भिंत पुढे कलली तर मालकाला सांगावं लागतं. त्याला ठाऊक नसतं. जी बांधतानाच दोष ठेवून दुसऱ्याच्या घरावर उभी केली, तिच्याबद्दल बांधणाऱ्याला कुणी सांगायची गरज नसते. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. 'पाड' म्हटलं काय, 'बरे होईल' म्हटलं काय, ते या भिंतीला लागू नाही. भरपाई मालकावर आणि त्याच्या भाऊबंदांवर."

म्हणजे माझा शब्द मोजलाच गेला नाही. महिनाभर मी त्याच्यापायी झोपलो नव्हतो.

१० मार्च

आई जेवायला वाढते पण बोलत नाही. आज एकच वाक्य बोलली. "माझ्या भावाला तू वहीत गाडलंस."

मी म्हटले, मी फक्त मोजले होते.

२ एप्रिल

वही परत मिळाली. कचेरीचा शिक्का आहे. हे डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे. चुका झाल्या तर नंतर दुरुस्त करेन.

मागच्या आठवड्यात सत्ताम आणि त्याचे दोन भाऊ आले. मी विहिरीवर होतो. एकाने माझा उजवा हात काठावर दाबून धरला. सत्तामकडे गवंड्याचा हातोडा होता. म्हणाला, "किती बोटं, मास्तर? मोज." मी मोजली नाहीत. त्याने स्वतःच मोजली, एकेक ठोक्याला एक, मोठ्याने. चार झाल्यावर त्यालाच उलटी झाली आणि अंगठा राहिला. वैद्य म्हणतो, अंगठा चालेल.

मला तेव्हा मामांचा तो पहिला गवंडी आठवला, चिखलात दात शोधणारा. आपण हसलो होतो.

५ एप्रिल

सकाळी मुतलककाका आले. बरोबर तेच दोन म्हातारे. आई आत गेली. मग कॉफी घेऊन बाहेर आली.

काका माझ्या हाताच्या पट्ट्यांकडे बघत बसले. म्हणाले, "भिंतीचा अजून एक तुकडा उभा आहे. गल्लीवर कललाय. मालक अजून तुझा मामाच. पोरं भट्टी पुन्हा बांधतायत. पत्र लिहिशील?"

"माझं अक्षर बिघडलंय, काका."

"अक्षर कोण वाचतंय? लिही."

मी कागद मांडीखाली दाबून धरला. डाव्या हातात लेखणी घेतली. सलाम लिहिला नाही. आदरणीय लिहिले नाही. बराच वेळ लागला. रेघा वाकड्या झाल्या आणि 'भ'चा पाय तुटला.

काका म्हणाले, "वाच."

मी कागद वर धरला आणि लिहिलेलेच वाचले.

भिंत पाड.